ओठाचा डावा कोपरा

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. उलट पुतळा बघून लोकांच्या अंगावर काटा यावा, हेच माझं काम. बेळगावजवळ पिरनवाडीत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वीस-बावीस वर्षं मी माणसांचे अर्धपुतळे करते. "ताई, हा माझ्याकडंच बघतोय हो," असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. बुबुळाच्या जागी खोल भोक पाडायचं आणि वरच्या कडेला मातीचा एक कण सोडायचा... त्यावर उजेड पडतो आणि डोळा जिवंत वाटतो. प्लास्टरच्या साच्यात तर चेहरा उलटा असतो, आत गेलेला. तरी तो बाहेर आल्यासारखा दिसतो आणि तुम्ही चालाल तसा तुमच्याकडं वळतो. सगळी नजरेची फसवणूक, आणि ती करायला मी कोल्हापुरात रीतसर शिकलेय. त्यामुळे भुताखेताचं सांगायला कुणी आलं की मी त्याला चहा पाजते आणि वाटेला लावते.

तरी हे लिहितेय. वाचा आणि काय ते ठरवा.

मागच्या वर्षी डिसेंबरात निपाणीहून एक सर आले. कॉलेजातून रिटायर झालेले, सदुसष्ट वर्षांचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं मोजून-मापून. गावात मुलींसाठी त्यांनी अभ्यासिका बांधली होती आणि तिथं आईचा पुतळा बसवायचा होता. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. मी म्हटलं, फोटो द्या. तर फोटो नव्हता. एकही नाही. त्या काळात वखारीतल्या बाईचा फोटो कोण काढणार?

"हरकत नाही सर, तुम्ही वर्णन सांगा. मी लिहून घेते."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "मॅडम, मला आईचा चेहरा आठवत नाही. ती गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. सात वर्षांच्या पोराला आठवायला पाहिजे ना? मला तिचे हात आठवतात. तंबाखूचा वास आठवतो. नाकातोंडावर बांधलेलं फडकं आणि त्याच्यावरचे डोळे आठवतात. बाकी काही नाही. आईला विसरलेला माणूस आहे मी. हे बायकोलासुद्धा कधी सांगितलेलं नाही."

एवढा शिकलेला माणूस आणि खाली मान घालून बसला होता. फार वाईट वाटलं.

फोटो नसला की आम्ही नातलगांवरून चेहरा जुळवतो. सरांना दहा वर्षांनी मोठी बहीण आहे, सगळे तिला आक्का म्हणतात. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेत, गावीच असते. तिचा तरुणपणाचा फोटो, मामांचा फोटो आणि समोर बसलेल्या सरांचं कपाळ, असं सगळं गोळा केलं. बाकीचं आक्काला फोनवर विचारलं. कपाळ रुंद. नाक मामासारखं. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके.

"आणि तोंड कसं होतं हो, आक्का?"

"तोंड? चांगलं होतं की."

झालं. म्हणजे तोंड मी माझ्या मनानं केलं. खरं सांगायला लाज कसली, माझ्याकडं आयांचं एक ठरलेलं तोंड आहे. शांत, सोज्वळ, दोन्ही बाजू सारख्या. आजवर एकाही गिऱ्हाइकानं नाव ठेवलेलं नाही. सोमवारी सर बघायला आले, पाच-दहा मिनिटं समोर उभे राहिले आणि म्हणाले, "छान झालंय." मला ते 'छान' आवडलं नाही. मग दारात चपला घालता घालता हळूच म्हणाले, "भीती एवढीच वाटते मॅडम... उद्या परक्याच बाईला आई म्हणून हार घालत बसायचो."

मी पुतळ्यावर ओली कापडं गुंडाळली, वरून प्लास्टिक बांधलं आणि घरात आले. मंगळवारी सकाळी कापडं काढली तर ओठाचा डावा कोपरा वर गेलेला.

थोडासाच. दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता. कॅलिपर लावून मोजलं — उजव्यापेक्षा चार मिलिमीटर वर. आता मातीचं काम केलेल्या माणसाला विचारा. माती खाली बसते. ओली राहिली तर ओघळते, सुकली तर आकसते, तडकते. वर चढत नाही. मी म्हटलं, आपलंच काहीतरी चुकलं असेल. कोपरा खाली घेतला, नीट दाबला, पुढच्या कामाला लागले.

बुधवारी सकाळी परत वर. तोच कोपरा, तेवढाच. माझा नवरा उद्यमबागेत फौंड्रीत आहे, माझे पुतळे तोच ओततो. त्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "तूच केलं असशील आणि विसरली असशील. परवा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत होतीस." बोलून काही उपयोग नव्हता. मी परत कोपरा खाली घेतला, शेडला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला अडकवली.

गुरुवारी परत चार मिलिमीटर. कुलूप जसंच्या तसं. मातीवर ना बोटाचा ठसा, ना कोरणीची रेघ. उंदरानं, पालीनं केलं म्हणावं तर ओरखडा तरी पाहिजे. आणि आता गालावर एक बारीक वळीसुद्धा होती, ओठापासून वर गेलेली. ती मी केली नव्हती. तिसऱ्यांदा कोपरा खाली घेतला, वळी पुसली. दुपारी जेवून आले तर वळी हजर, कोपरा वर.

भीती वाटली का? नाही. राग आला. आपण केलेल्या आमटीत कुणी न सांगता मीठ घालून जावं, तसा. कोरणी उचलली, तोंडाजवळ नेली... आणि हात पुढं जाईना. त्या चेहऱ्यावर वाईट काही नव्हतंच हो. उलट आता ती बाई कुठल्यातरी एका घरातली वाटत होती. "बरं बाई, राहू दे तुझं," असं मोठ्यानं म्हणाले आणि बाहेर आले. मग स्वतःचंच हसू आलं, मातीशी बोलतेय म्हणून.

शुक्रवारी दुपारी सर आक्काला गाडीतून घेऊन आले. झाल्या प्रकाराचं मी सरांना काही सांगितलं नव्हतं. आक्काला स्टुलावर बसवलं, हात धुवायला पाणी दिलं. तिनं पुतळ्याच्या कपाळावरून बोटं फिरवली. "नाक आमच्या मामाचंच की गं," म्हणाली. हनुवटीवरचे ठिपके चाचपले. मग बोटं ओठांवर आली आणि डाव्या कोपऱ्याशी थांबली. परत मागं गेली, परत तिथंच आली.

"ह्ये तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, आक्का."

"मग केलंस कसं?"

काहीतरी थाप मारणार होते. पण त्या म्हातारीच्या तोंडाकडं बघून मारवेना. म्हटलं, "मी नाही केलं. मी तीनदा सरळ केलं. ते आपलं आपणच वर जातंय."

आक्काला त्याचं काहीच वाटलं नाही. सरांना वाटलं. "माती सरकली असेल, मॅडम," ते जरा कडकपणे म्हणाले. "आम्ही बुद्धवंदना म्हणणारी माणसं, आमच्या घरात असलं मानत नाहीत."

"मी पण मानत नाही, सर," मी म्हटलं.

आक्काचं बोट तिथंच होतं. ती म्हणाली, "वखारीत दोन्ही हात तंबाखूत असायचे तिचे. तोंडावरचं फडकं सारखं सुटायचं. मग त्याचं टोक ह्या बाजूच्या दातात धरून ठिवायची, दिवसभर. वरसानुवरसं. त्यानं तोंड कायमचंच असं वर वढलं गेलतं. बाया चिडवायच्या, अगं सारखी हसतीस काय म्हणून. आणि मी इसरले होते बघ. साठ वरसं इसरले होते. आत्ता बोटाला लागलं तवा आठवलं."

मग सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता, "मला का नाही आठवत, आक्का? वखारीत बांधत असेल. घरी तर दिसलं असेल की मला. एकदा तरी."

"घरात बी बांधायची रं," आक्का म्हणाली. "खोकला लागलावता तिला. डाक्टरनं सांगितलं, ल्हान पोरगं हाय घरात, तोंड उघडं ठिवू नका. तू तीन वरसाचा असशील तवा. तू निजल्यावर सोडायची. मी बघायची, तू झोपेत असायचास."

तिनं पुतळ्यावरचा हात काढला, चाचपडत त्यांचं डोकं शोधलं आणि त्यावर ठेवला. हाताची ओली माती त्यांच्या केसांना लागली.

"तू इसरला न्हाईस रं बाळा. तू बघितलंच न्हवतंस. तिनंच दावलं न्हाय, तुला खोकला लागंल म्हणून. आता बघ."

सर मातीच्या गोळ्यांशेजारी खाली जमिनीवरच बसले आणि लहान पोरासारखे रडले. मीही रडले, लपवत नाही. एवढी वर्षं तो माणूस स्वतःला कृतघ्न समजत जगला होता, आणि दोष त्याचा नव्हताच.

त्या दिवसानंतर कोपरा हलला नाही. मी रोज मोजत होते. साचा झाला, नवऱ्यानं पुतळा ओतला, अभ्यासिकेत बसला. एका ओळखीच्या डॉक्टरांनी सांगितलं, झोपेत चालून तुम्हीच केलं असणार. एक मित्र म्हणाला, माती धरून ठेवायला आत तार घालता ना, तिला ताण आला असेल. पण ओठाच्या आसपास तार नव्हती, आणि झोपेत केलं म्हणावं तर गुरुवारी दुपारी मी जागी होते, जेवत होते. शिवाय ते फडक्याचं टोक, दातात धरलेलं... ते मला कुठून कळणार? आक्कालाही आठवत नव्हतं तेव्हा. माझ्याकडं उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाकडं असेल तर सांगा, मी खरंच ऐकून घेईन.

सरांनी हा विषय पुन्हा कधी काढला नाही. फक्त गेल्या महिन्यात एकदा फोन आला.

"मॅडम, काल आईची आठवण झाली," ते म्हणाले.

मी हातातली कोरणी खाली ठेवली.

"मी अंगणात खेळतोय आणि ती दारात उभी आहे, एवढंच. पण चेहऱ्यासकट."

ती त्यांना खरोखर आठवली, की माझी माती आठवली, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.