माझ्या अक्षरातलं नाव

"लिही गं तू. तुझं अक्षर चांगलं आहे," सर म्हणाले.

कॉलेजात प्राणिशास्त्राचं प्रदर्शन होतं. दुष्काळाचं वर्ष. सरांनी रत्नागिरीहून बार्नॅकल, म्हणजे समुद्रातले कवचवाले जीव, आणले होते. बरणीत, लाकडाच्या तुकड्याला घट्ट चिकटलेले. पांढरे, टणक, दाढेएवढे. प्रत्येक बरणीपुढं एक कार्ड. इंग्रजी नाव, शास्त्रीय नाव आणि खाली 'लोकांनी ठेवलेलं नाव'. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. ती ओळ रिकामी होती.

"जहाजाला चिकटून फुकट फिरतं हे. आपण काय म्हणायचं याला?"

साखर कारखान्याच्या चेअरमनचा मुलगा मागून बोलला, "सवलतवाली म्हणा की सर. वर्गातच हाय एक."

सगळे हसले. सरही. वर्गात स्कॉलरशिपवर, फीच्या सवलतीवर, मी एकटीच. मिशनच्या बोर्डिंगात राहून इंग्रजी शाळेत शिकलेली. तिथं छडी खाऊन वळणदार झालेलं माझं अक्षर. त्याच अक्षरात मी लिहिलं. सवलतवाली. एक वळणही चुकलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी आई आली. येडशीजवळ दुष्काळी कामावर ती खडी फोडायची. एक खाडा करून लेकीचं कॉलेज बघायला आली. तिला वाचता येत नाही. पण बोर्डिंगातून मी पाठवलेली पत्रं तिनं जपून ठेवलीत. अक्षर तिनं लगेच ओळखलं.

"ह्ये तुजं. काय लिवलंय?"

खोटं सुचलं नाही. वाचून दाखवलं. कुणी, कुणावरून सुचवलं तेही सांगितलं; हे जहाजाला चिकटून फुकट फिरतं म्हणून.

ती बरणीवर वाकली. "जहाजाचं काय खातंय ह्ये?"

"काहीच नाही. पाण्यातलं खातं. पाय बाहेर काढून ओढून घेतं."

"सोताच्या पायानं?"

"व्हय." कॉलेजात मी पहिल्यांदाच घरचं बोलले.

"मंग त्याला नावं कशापायी ठेवत्यात? आन् तू लिवून देतीस?"

मी कार्ड उचललं. सरांसमोर फाडलं.

"अगं, गंमत होती ती."

"मी लिहिलं होतं, सर. मीच फाडलं."

"बरं, दुसरं लिहून दे."

"नाही."

माझा आवाज बारीक होता. पण सरांना ऐकू गेला. ती बरणी शेवटपर्यंत कार्डाविना राहिली.

माझं अक्षर अजून चांगलं आहे. त्यांनी ठेवलेलं नाव त्यात पुन्हा उतरणार नाही. मला ठेवलेलं नाही. माझ्यासारख्या कुणालाच ठेवलेलं नाही.