कप्तानाचा दोर आणि सासूबाई

प्रवाशांच्या शिडाच्या बोटीवर बावीस वर्षं तिचं एकच काम. दोर! ओढलेला, सोडलेला, ओला, सुटा, पायात येईल तो उचलायचा, वेटोळं करायचं नि जागच्या जागी लावायचं. सगळे तिला वेटोळेबाई म्हणत. म्हणोत बापडे. बांधलेल्या बाजूनं सुरुवात करायची, पीळ मोकळ्या टोकाकडून बाहेर जाऊ द्यायचा. उलट्या टोकाकडून सुरुवात करणारा माणूस तिच्या लेखी कामातून गेलेला.

त्या दिवशी बोटीवर तिच्या जावयाची परीक्षा होती. पास झाला तर कप्तान, नाहीतर आणखी वर्षभर धक्क्यावर तिकिटं फाडायची. लेक घरी नखं खात बसलेली.

बोट निघाली, शीड चढलं. पुढचे दोर आवरून वेटोळेबाई मागे वळली नि तिनं कपाळावर हात मारला. जावईबापूंनी परीक्षकांवर छाप पाडायला शिडाचा उरलेला दोर जाजमासारखा गोल, सपाट मांडला होता. दिसायला काय देखणा! पण घाईत सोडला की पीळ पडून कप्पीत अडकणार, नि शीड वरच लटकणार. सांगावं तर चारचौघांत जावयाची शोभा. गप्प बसावं तर पोरीचं नशीब. जावई सुकाणू धरून परीक्षकांशी बोलत होता, तेवढ्यात तिनं ते जाजम उसकटलं नि आपल्या पद्धतीनं मोकळी वेटोळी टाकली.

भर पाण्यात वारा फिरला. "शीड उतरवा!" जावई ओरडला. तिनं दोर सोडला. दोर सरसर पळाला, शीड मुकाट खाली आलं.

"शाब्बास," परीक्षक म्हणाले. "दोर कुणी लावला होता?"

"कप्तानांनीच की," तिनं ठणकावून सांगितलं.

"नाही साहेब." जावयाचे कान लाल झाले होते. "मी नुसता सजवला होता. तो अडकलाच असता, आत्ता कळतंय. हा सासूबाईंनी लावलाय."

गप्प बसायला काय झालं होतं मेल्याला! तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

परीक्षकांनी बराच वेळ काहीतरी खरडलं आणि कागद जावयाच्या हाती दिला. पास. खाली एक ओळ जास्तीची होती: दोरांचे काम सासूबाईंकडून शिकून घ्यावे.

धक्क्याला लागल्या लागल्या तिनं लेकीला फोन लावला. "पास झाला गं! आणि ऐक, माणूस खरा आहे तुझा. लग्न झाल्यापासून चार वर्षं मी उगाच त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवत होते."