माणूस नसलेला फोटो

मुक्ता, फोनवरूनच तुझा जरा कान पिळायचाय. माहूरच्या घाटातून मोबाईलवर एवढे फोटो पाठवलेस, पण सगळ्यांत तूच! डोंगर बिचारा तुझ्या डोक्यामागं. ते बघितलं अन् आमची माहूरची खेप आठवली.

भूकंपाला काही महिनेच झाले होते. लातूरचं आपलं घर उभं होतं, पण मी अजून अंगणातच झोपायची. पायाखालच्या जमिनीवर भरवसाच राहिला नव्हता. रेणुकामातेच्या दर्शनाला जीपनं निघालो. कॅमेऱ्याच्या रोलमध्ये एकच फोटो उरला होता, तो तुझ्या आजोबांनी देवळासमोर सगळ्यांचा काढायला राखलेला. घाटात जीप थांबली. वाळल्या गवताचा अन् तापलेल्या टायरचा वास येत होता. समोर सागाचे डोंगर, एकामागं एक, निवांत बसलेले. जमिनीकडं मी लई दिवसांनी न भिता बघितलं. कॅमेरा उचलला अन् बटण दाबलं.

"अगं, माणूस कुठाय त्यात? वाया घालवलास की!" आजोबा ओरडले.

"जमीन हाय की," मी म्हणाले.

रोल धुऊन आला, तेव्हा मात्र तेच परत स्टुडिओत गेले. फोटो मोठा करून बैठकीत लावला. पुढं कोचिंगची पोरं आपल्याकडं भाड्यानं राहायला आली, तर एकेकाला धरून दाखवायचे, "आमच्या हिनं काढलाय, बघा!"

त्याच फोटोखाली अंथरूण टाकून मी परत घरात झोपायला लागले, मुक्ता. अजून तो तिथंच आहे. लवकर ये. त्याच्यासमोर निवांत बस, पण त्याच्याम्होरं उभं राहून स्वतःचा फोटो तेवढा काढू नकोस.