एर्सिलियाचं पहिलं ‘नाही’

चाळीस वर्षं एर्सिलियाचं दार माझ्या दारासमोर आहे. दिवसातून चारदा ती माझ्याकडे येते आणि दार सताड उघडं असलं तरी उंबऱ्यावर थांबून ‘पेर्मेस्सो’ म्हणते, येऊ का. मी ‘ये’ म्हणेपर्यंत पाऊल आत टाकत नाही. शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं तिनं, पण वागायची रीत पक्की इथली.

या ईस्टरपासून ती चारदाच्या जागी दहादा येऊ लागली. बसायची, उठायची, खिडकीशी जायची, माझ्या कुंड्यांना पाणी घालायची. मी आधीच घातलेलं असायचं. झाडं कुजायला लागली तरी मी बोलले नाही, कारण ती असं का करते ते मला ठाऊक होतं.

तिची मुलगी ऑर्नेला दोन वर्षांपूर्वी तिकडे इंग्रजांच्या देशात, लीड्सला वारली. मागे जावई स्टुअर्ट आणि सहा वर्षांची नात लिव्हिया. ईस्टरच्या जेवणाला दोघं आली, मीही होते. कोकराचं मटण वाढून झालं तसा स्टुअर्ट म्हणाला, “एर्सिलिया, तुम्ही आमच्याकडेच राहायला या. लिव्हियाला तुम्ही हव्या आहात. मलाही.”

“नको हो,” एर्सिलिया म्हणाली. “मी कशाला तुमच्यात अडचण?”

आता यापुढे काय व्हायला हवं, ते आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. त्यानं म्हणायचं, कसली अडचण, याच. तिनं पुन्हा नको म्हणायचं. त्यानं तिसऱ्यांदा विचारायचं, आणि मग तिनं, “बरं, एवढं म्हणताच आहात तर.” कॉफीच्या कपापासून सोयरिकीपर्यंत आमचं सगळं असंच चालतं. हा भला माणूस म्हणाला, “समजू शकतो मी,” आणि भांडी घासायला उठला. ऑर्नेला असती तर कानात सांगितलं असतं तिनं, आईचं पहिलं ‘नाही’ खरं धरायचं नसतं.

जूनमध्ये त्यानं कळवलं, सप्टेंबरपासून लिव्हियाला सांभाळायला एक बाई मागच्या खोलीत राहायला येणार.

“फोन कर आणि सांग, मी येते,” मी म्हणाले.

“त्यानं पुन्हा न विचारता? ते मागणं झालं, इओलांदा.”

“भीड भिकेची बहीण, बाई.”

“तू आपलं शिवण बघ.”

मला तिचा राग यायचा, आणि ती गेली तर समोरचं दार बंद दिसेल म्हणून रडूही यायचं.

ऑगस्टमध्ये तिच्या पुतण्यानं तिला काम दिलं. तो परदेशी पाहुण्यांना खोल्या देतो. आपल्याकडचे रोजचे शिष्टाचाराचे शब्द आणि समोर इंग्रजी अर्थ, असा एक कागद त्याला भिंतीवर लावायचा होता. एर्सिलिया माझ्याच टेबलावर लिहायला बसली. ‘ग्रात्सिए’, थँक यू. ‘स्कूझी’, एक्सक्यूज मी. ‘प्रेगो’पुढे ‘या’, ‘बसा’, ‘घ्या’ असे पाच अर्थ लिहिले. अकराव्या ओळीवर अडली. ‘नो ग्रात्सिए, नॉन सी दिस्तुर्बी.’ नको, तुम्ही त्रास घेऊ नका. समोर ‘नो, थँक यू’ लिहिलं. खोडलं. दोनदा उठून खिडकीशी गेली. मग घाईघाईनं काहीतरी लिहिलं.

“स्टुअर्टला पाठवते,” माझ्याकडे न बघता म्हणाली. “इंग्रजी तपासून घेतलेलं बरं.”

मी कागद वाचला. तिथं लिहिलं होतं, ‘प्लीज आस्क मी अगेन.’ कृपया मला पुन्हा विचारा.

चार दिवस उत्तर नाही. ती फोन हातात घेऊन माझ्या घरभर फिरत होती. पाचव्या दिवशी तो वाजला. तिनं स्पीकर लावला, एकटीनं ऐकायची हिंमत नव्हती तिची.

“यादी छान आहे,” स्टुअर्ट म्हणाला. “फक्त अकराव्या ओळीचा अर्थ चुकलाय.”

“नाही चुकला,” एर्सिलिया मास्तरणीच्या आवाजात म्हणाली. “आमच्याकडे तोच अर्थ आहे.”

पलीकडे त्यानं अकरावी ओळ पुटपुटत पुन्हा वाचली.

“ईस्टरलाही?”

ती एप्रनचं टोक पिळत राहिली.

“एर्सिलिया, त्या बाईंना मी अजून ‘येऊ नका’ म्हणून कळवू शकतो. याल का तुम्ही?”

“छे, छे,” ती म्हणाली. “उगाच तुम्हाला अडचण.”

मी कपाळावर हात मारला. पलीकडे कागद सळसळला, आणि स्टुअर्टनं अगदी हळू विचारलं, “अजून किती वेळा विचारायचं?”

“एकदाच,” एर्सिलिया म्हणाली.