एकशे आठ भोकांचा पाइप

मुलुंडच्या त्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर माशांची टाकी पहिल्यांदा आली ती विमलाच्या घरात. समोरच्या दारातली शुभा बँकेतून निवृत्त झाली आणि "मला पण शिकव ना गं" म्हणत तिच्याकडूनच सगळं शिकली. दाणे किती टाकायचे, पाणी कधी बदलायचं, सगळं विमलाने हौसेने सांगितलं. आणि आता टाकी बघायला बायका जायच्या त्या शुभाकडे.

कारण शुभाच्या फिल्टरला स्प्रे बार होता. पाण्याच्या वर आडवी नळी, तिला ओळीने भोकं. फिल्टरचं पाणी त्यातून सरीसारखं पसरून पडायचं आणि मासे खाली ऐटीत फिरायचे. विमलाचा फिल्टर जुना, त्याच्या तोंडातून एकच जोरदार धार सुटायची. तिचे गोल्डफिश धारेला भिऊन कोपऱ्यात एकमेकांना चिकटून असायचे, रेशनच्या रांगेत उभे असल्यासारखे.

हे तिने चालवूनही घेतलं असतं. पण मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी नलिनीकाकूंकडे हळदीकुंकवाला सगळ्या जमल्या, तेव्हा काकू म्हणाल्या, "यंदा शेवटच्या गुरुवारचं उद्यापन शुभाकडे करूया का? पूजा झाली की मासे बघत निवांत बसता येईल."

बिल्डिंगमध्ये काकूंचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. उद्यापन आजवर विमलाकडेच व्हायचं. कलश, पाच पानं, फळं, कहाणी वाचायचा मान, सगळं तिचं. तिच्या हातातला कुंकवाचा करंडा हातातच राहिला.

"मासे माझ्याकडे पण आहेत, काकू."

"आहेत गं, पण तुझे सगळे कोपऱ्यात रुसून बसलेले!" कोणीतरी म्हणालं आणि बायका हसल्या. शुभाही हसली. तेच विमलाला झोंबलं.

"मंगळवारी चहाला या माझ्याकडे," ती म्हणाली. "टाकी बघा, मग ठरवा."

घरी येऊन तिने नवऱ्याला कामाला लावलं. सहदेव मालवणकडचा. मार्गशीर्ष असल्याने घरात महिनाभर मासळी बंद होती, त्यामुळे तो तसाही टाकीपुढे जरा उदास होऊनच बसायचा.

"हार्डवेअरवाल्याकडून अर्ध्या इंचाचा पाइप आणा. टाकीच्या लांबीचा. एका टोकाला बूच, एका टोकाला वळणाचा एल्बो."

"मगे विकतचोच आण की तो बार."

"विकतचा तिच्याकडे आहे. मला तिच्यासारखा नकोय, तिच्याहून चांगला हवाय."

सहदेव गुमान चप्पल घालून गेला.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, देवापुढे दिवा लावून, विमला गॅसपाशी बसली. दाभण सांडशीत धरून तापवायचं आणि पाइपात खुपसायचं. चर्र आवाज, प्लॅस्टिकचा वास, एक भोक तयार. आता एवढं काम करायचंच तर नुसतं कशाला करा? तिने प्रत्येक भोकाला लक्ष्मीचं एक नाव घेतलं. नावं एकशे आठ, म्हणून भोकंही एकशे आठ. तिला वाटलं, देवी बघतेय. शुभाच्या बाराला असलं काही असणं शक्यच नाही.

पाइप जोडला, फिल्टर चालू केला. पहिल्या काही भोकांतून पाणी लाळेसारखं गळलं आणि पुढचा अख्खा पाइप कोरडाच.

सहदेव वाकून बघत म्हणाला, "अगो, इतकी भोकां पाडल्यार पाण्याक जोर खंयसून येतलो? चाळण केलंस तू त्याची. टाक कचऱ्यात, दुसरो आणतंय."

"कचऱ्यात? एकेका भोकाला नाव घेतलंय मी!"

"मग जास्तीची बुजव."

"देवीची नावं बुजवू?"

सहदेव पुन्हा चप्पल घालून दुसरा पाइप आणायला गेला. शेवटी विमलाने तो पाइप धुऊन खिडकीच्या ग्रिलमध्ये तुळशीच्या कुंडीवर आडवा बांधला आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. तुळशीवर झकास शिंपण झालं. पण मासे कोपऱ्यातच होते आणि मंगळवार जवळ आला होता.

मग तिने जे केलं ते करताना तिची तिलाच लाज वाटली. प्रसादाची वाटी घेऊन ती शुभाकडे गेली, आणि शुभा वाटी रिकामी करायला आत वळली तशी टाकीला नाक लावून भोकं मोजायला लागली. बोटांवर मोजता येतील इतकीच होती, चांगली लांब लांब.

"काय मोजतेस गं?" मागून शुभा.

"मासे."

"तूच तर आणून दिलेस की!"

विमला वाटी न घेताच परतली. नव्या पाइपाला तिने मोजकी भोकं पाडली, तोंड घट्ट मिटून. नाव घेतलं नाही. हे काम देवीसाठी नव्हतं, हे तिला पक्कं माहीत होतं. फिल्टर चालू केला आणि टाकीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पाणी एकसारखं पडायला लागलं. थोड्या वेळाने एक गोल्डफिश कोपरा सोडून निघाला. मग बाकीचे.

मंगळवारी नलिनीकाकू आल्या, बरोबर शुभालाही घेऊन. काकू चष्मा सावरून बघत राहिल्या. "अगंबाई! रुसवा गेला वाटतं सगळ्यांचा."

शुभा गुडघ्यांवर बसून टाकीत बघत होती. "घरी केलास? खरंच? माझा तर अर्ध्या टाकीपर्यंतच पोचतो. तुझा बघ की, पार टोकापर्यंत!" आणि मग काकूंकडे वळून मोठ्याने हसत म्हणाली, "काकू, जळले हो मी हिच्यावर! उद्यापन इथेच करा. आणि विमला, मला पण असा करून दे ना गं."

"ठरलं तर," काकू म्हणाल्या. "शेवटच्या गुरुवारी इथेच."

विमला चहा गाळायला आत गेली. जिंकली होती. कलश तिच्याच घरी मांडला जाणार होता, कहाणी तीच वाचणार होती. पण जिंकणं गोड लागेना. इतके दिवस जे तिने दातांखाली दाबून धरलं, देवापुढेही कबूल केलं नाही, ते शुभा चारचौघांत हसत बोलून मोकळी झाली होती. जळायचं तेसुद्धा हिला किती सोपं! विमलाला आयुष्यात जमलं नसतं.

"करून देशील ना गं?" बाहेरून शुभाने विचारलं.

"देईन की," विमला म्हणाली. टाकीच्या लांबीचा पाइप द्यायचा की दोन बोटं आखूड, हे मात्र तिने अजून ठरवलं नव्हतं.