राजस्थानचा दगड आणि रावेरची वांगी

चहा घ्या आधी. आणि कप जरा सांभाळून धरा. माझी ही फजिती ऐकताना पुष्कळांनी चहा सांडलाय, आणि आमच्या अंगणात गरम काही सांडलं की मला आता धस्स होतं. का, ते कळेलच.

तर माझं जळगावात चष्म्याचं दुकान आहे. लोकांना नीट दिसावं, हा माझा धंदा. घर बांधून झालं, रंग झाला, गेट झालं, फक्त अंगण राहिलं होतं. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात फुफाटा.

सुनंदाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, आधीपासून ठरलेलं. "पेव्हर ब्लॉक बसवा. खालचा पाइप फुटला तर चार ब्लॉक उचलायचे, काम करायचं, परत ठेवायचे. विषय संपला."

आता तुम्हीच सांगा, ह्यात काही मजा आहे का? पेव्हर ब्लॉक पेट्रोल पंपावर असतात. माझं अंगण काय पेट्रोल पंप आहे?

त्यातच एका ठेकेदाराने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. स्टॅम्प काँक्रीट! ओलं काँक्रीट पसरायचं, वर रंगाची पूड टाकायची, रबरी साचे दाबायचे. साचा उचलला की खाली दगडच दगड! भेगा, कंगोरे, सगळं. वरून चकचकीत कोटिंग मारायचं. मी तर तिथेच भाळलो.

"म्हणजे रंगवलेला कोबाच की!" सुनंदा म्हणाली.

"कोबा नाही गं. डेकोरेटिव्ह काँक्रीट."

"आणि फुटलं तर?"

"फुटेल कशाला?" मी म्हणालो. हे वाक्य लक्षात ठेवा. आमच्या घरात ते अजून कोणी विसरलेलं नाही.

काम झालं आणि खरं सांगतो, झकास झालं. तपकिरी, मधूनच लालसर, ओळखू येणार नाही असा हुबेहूब दगड. जाता जाता ठेकेदार म्हणाला, "साहेब, फक्त गरम काही ठेवू नका. कोटिंग जातं, खालचं पण उडतं." मी हसलो. अंगणात गरम काय ठेवणार? इस्त्री?

इथे नानांची एन्ट्री होते. नाना म्हणजे सुनंदाचे थोरले भाऊ. रावेरकडे केळीच्या बागा, स्वतःचा ट्रक आणि एकच तत्त्व: डुप्लिकेट चालणार नाही. तूप तळहातावर चोळून बघतील, नारळ कानाशी हलवून बघतील. आमच्या लग्नात त्यांनी माझ्या मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा चक्क दाताने चावून बघितला आणि भर मांडवात जाहीर केलं, "रेग्झीन हाये!"

त्या दिवसापासून नानांच्या तोंडून माझ्याबद्दल एक चांगला शब्द निघालेला नाही. दुकान टाकलं, घर बांधलं, काही नाही. नुसतं "हं." माणसाला बायकोच्या माहेरी थोडी तरी किंमत हवी की नको? मला फार हवी होती हो. लाज कसली त्यात!

तर नाना काही कामाने जळगावला आले. गेट उघडलं, आणि थबकले. अंगणाकडे बघतच राहिले. मग त्यांनी काय केलं माहितेय? चपला काढल्या! गेटबाहेर!

"पाव्हने," नाना हळूच म्हणाले, "दगड कुठला?"

माझ्या डोळ्यांपुढे तो पट्टा आला. मांडव आला. आणि तोंडातून आपोआप निघालं, "राजस्थानचा."

"तरीच!" म्हणत नानांनी माझ्या पाठीवर थाप मारली. लग्नानंतरची पहिली थाप! मी फुगलो. दारात पाण्याचा तांब्या घेऊन आलेली सुनंदा तिथेच उभी राहिली.

आत गेल्यावर ती म्हणाली, "नानाला खरं सांगा."

"सांगतो ना, जाताना."

जाताना नानाच म्हणाले, "पोरीच्या लग्नाआधी मले बी हाच दगड बसवाचा. खदान दाखवा."

"फार लांब आहे हो, नाना."

"लांब असू द्या. ट्रक आपला हाये. जातांना केयी नेऊ, येतांना दगड आनू. खदानवाल्याचं नाव काय?"

"भंवरलालजी," मी म्हणालो. कुठून सुचलं, देव जाणे.

"नंबर द्या."

"ते फोन वापरत नाहीत."

"वा! असा मानूस आता ऱ्हायला नाही!" नाना गहिवरले.

झालं! नानांचा रोज फोन. भंवरलालजी कसे आहेत? किती पोरं? दगड कसा देतात? मीही उत्तरं देत गेलो. त्यांना दोन मुलं दिली, एक खाष्ट सून दिली, गुडघेदुखी दिली. पण नाना ऐकेनात. "आपुन जाऊनच येऊ," हाच हेका. शेवटी माझा नाइलाज झाला.

मी भंवरलालजींना मारून टाकलं.

"वारले?" सुनंदाने विचारलं. "काल तर सुनेची तक्रार करत होते."

मला वाटलं, सुटलो. पण नाना फोनवर रामनाम पुटपुटले, आणि मग म्हणाले, "मंग तं जायलाच पाह्यजे, पाव्हने. पोरांले भेटून येऊ. मी रविवारी येतो. रात्री तुमच्याकडे मुक्काम, सकायी निंघू. बॅग भरून ठेवा."

बॅग भरून ठेवा! कुठे जाणार होतो आम्ही? कोणाला भेटायला?

रविवारी दुपारी गाडी आली. नाना, त्यांचे दोन चुलतभाऊ, पोतंभर हिरवी वांगी आणि टपावर कपाशीच्या काड्यांचा भारा. थंडीचे दिवस, नाना घरी आलेले, म्हणजे भरीत आलंच. इथवर ठीक होतं. पण नानांनी भारा उचलला आणि थेट अंगणाच्या मधोमध टाकला.

"नाना, मागे मोकळी जागा आहे," मी धावलो.

"मांगे काहाले? दगडावर भाजू. राख झाडली का झालं."

"डाग पडेल हो."

"दगडाले डाग? अहो, चुली कशाच्या असतात?"

आता चुली तर दगडाच्याच असतात! मी चाचरत म्हणालो, "वारा फार आहे, आपण गॅसवर भाजू."

तिघेही माझ्याकडे बघत राहिले. "गॅसवर भरीत?" नानांनी माझ्या कपाळाला हात लावला. "पाव्हने, तब्येत बरी हाये ना?"

मी सुनंदाकडे केविलवाणं बघितलं. आता एकच आशा. ती काहीतरी सांगेल, पाहुणे मागे नेईल. सुनंदा अगदी साध्या चेहऱ्याने म्हणाली, "नाना बरोबर म्हणतोय. दगडाला काय होतंय?" आणि आत जाऊन काडेपेटी घेऊन आली.

अजूनही वेळ होती. एक वाक्य बोललो असतो तर अंगण वाचलं असतं. "नाना, हे सिमेंट आहे." एवढंच! पण पाठीवरची ती थाप मला सोडवेना.

काड्या पेटल्या. वांगी चढली. थोड्याच वेळात वास सुटला. वांग्याचा नव्हे, रंगाच्या डब्याला आग लागल्यावर येतो तसला.

"वास कसला येते?" चुलतभावाने विचारलं.

"राजस्थानच्या दगडाला येतो असा," मी म्हणालो. बघा, अजून! जाळाच्या कडेने कोटिंगला बुडबुडे येत होते आणि मी अजून राजस्थान सोडत नव्हतो!

आणि मग, फाट्!

एक वांगं उडालं ते थेट तुळशीपाशी. "मोठं वांगं व्हतं, टोचलं नव्हतं," नाना म्हणाले. पुन्हा फाट्! फटाक्! आता वांग्यांबरोबर खपल्याही उडायला लागल्या. एक चुलतभाऊ झोपाळ्यावर चढला. दुसरा ओरडला, "हटा, हटा! खाली गॅसचा पाइप हाये काय?" सुनंदाने पाण्याची बादली आणून ओतली, धुराचा लोट उठला, आणि धूर विरला तेव्हा अंगणाच्या मध्यात परातीएवढा काळा खड्डा होता.

एक खपली नानांच्या पायाशी पडली होती. नानांनी ती उपरण्याच्या टोकात उचलली. वरून तपकिरी दगड, आतून करडं. त्यांनी नखाने खरवडलं. फुंकर मारली. मग मला जी भीती होती तेच केलं. चावून बघितलं.

"सिमेंट हाये," नाना म्हणाले. आवाज अगदी मांडवातला.

धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. पण धरणीवर काँक्रीट होतं.

"नाना, ते भंवरलालजी..." मी सुरुवात केली.

"जिते हायेत?" नानांचा चेहरा एकदम उजळला.

"नव्हतेच."

नाना पायरीवर बसले. "म्या त्याच्यासाठी दोन मिन्टं उभा ऱ्हायलो व्हतो, पाव्हने. केयीच्या बागात. मजुरायले बी उभं केलं व्हतं."

इतकं वाईट मला माझ्या अंगणाचंही वाटलं नव्हतं. मी मान खाली घालून उभा राहिलो. सुनंदा मात्र तोंडाला पदर लावून आत पळाली, आणि तिच्या हसण्याचा आवाज शेजाऱ्यांपर्यंत गेला.

उरलेली वांगी शेवटी गॅसवरच भाजली. नाना खाली बघून जेवले. फक्त एकदा ताटातून वर बघून त्यांनी विचारलं, "मीठ तरी खरं हाये ना?"

ठेकेदाराला बोलावलं. त्याने खड्डा भरला, रंग टाकला, साचा दाबला. पण रंग काही जुळेना. पुन्हा फोडला, पुन्हा भरला. ते ठिगळ रस्त्यावरूनसुद्धा दिसायचं. "ब्लॉक असते तर चार उचलून चार ठेवले असते," असं सुनंदा एकदाच म्हणाली. रोज एकदाच.

काही दिवसांनी रावेरहून केळीचा टेम्पो आला आणि गेटपाशी थांबला. ड्रायव्हर आणि हमालाने मिळून एक दगड उतरवला. काळा, जाड, वरून गुळगुळीत. नानांच्या विहिरीवरचा धुणं धुवायचा दगड! आजेसासूबाईंपासून बायका त्यावर कपडे आपटत आल्या होत्या.

"नानांनी पाठवला," ड्रायव्हर म्हणाला. "म्हणले, चावून बघा."

मी हसलो, आणि खरं सांगू, डोळ्यांत पाणीही आलं. ठिगळ फोडून तो दगड तिथे बसवला. आता भरीत त्याच्यावरच होतं. आणि मी ठरवून टाकलं, अंगणाबद्दल कोणीही विचारू दे, खरं तेच सांगायचं.

तशी संधीही लवकरच आली. साक्रीकडचे, अहिराणी बोलणारे एक आबा माझं जुनं गिऱ्हाईक. लेकीकडे जळगावला आले की चष्मा माझ्याकडेच करतात. परवा दुकानातून नवा चष्मा घेऊन गेले, आणि काल गावचे तांदूळ द्यायला घरी आले. गेटमध्येच थांबले. अंगणावरून नजर फिरवली.

"काय दगड शे भाऊ!" आबा म्हणाले. "बठ्ठा आंगनमा दगड!" बठ्ठा म्हणजे सगळा.

"नाही आबा," मी छाती पुढे काढून म्हणालो. "हे सगळं सिमेंट आहे. रंगवलेलं. खरा दगड फक्त तो मधला."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग काठी टेकत मध्यापर्यंत गेले, उकिडवे बसले, काळ्या दगडावरून हात फिरवला, बाजूच्या काँक्रीटवरून फिरवला, आणि मान हलवली.

"उलट सांगी ऱ्हायनात तुम्ही. बठ्ठा दगड खरा शे. हाऊ एकच डुप्लिकेट शे. कोन्ही फसाडं तुमले?"

"आबा, देवाशपथ सांगतो! माझ्या मेव्हण्याच्या विहिरीवरचा आहे तो!"

"तुमले काय समजस दगडमधलं?" आबा हसले. "मन्हा बठ्ठा जलम डोंगरमा गया."

तरी माझ्या समाधानासाठी त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि अगदी वाकून, निरखून बघितलं.

"नही भाऊ," ते ठामपणे म्हणाले. "आते तं एकदम साफ दिखस. खोटाच शे."

दारात सुनंदा पुन्हा तोंडाला पदर लावून उभी होती. मी कपाळाला हात लावला. चष्म्याला तरी नावं कशी ठेवणार? चष्मा मीच करून दिला होता. आणि नंबरही मीच काढला होता!