टाचेची गादी

वॉर्डात सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणत. त्यांचं उभं आयुष्य उभ्यानेच गेलेलं. या खाटेकडून त्या खाटेकडे चालून चालून शेवटी डाव्या टाचेने बंड पुकारलं. डॉक्टरांनी तिच्यासाठी मापाची मऊ गादी बनवून घ्यायला लावली. चप्पल बदलली तरी गादी तीच, अशी ती बाईंच्या जिवाची झाली.

दवाखान्याच्या वाटेवर बूटवाल्या काकांचं दुकान होतं. त्यांच्याकडे नुसती दोन पावलं टाकून बूट घेता येत नसे. गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून ते स्वतः नाडी बांधत आणि म्हणत, "दारापर्यंत नको, कोपऱ्यापर्यंत चालून या." बाई गादी आत घालून कोपऱ्यापर्यंत चालल्या. पाय हरखला. "घरी विचारून येते," त्या म्हणाल्या आणि घरी लेकीने तोच बूट फोनवरून स्वस्तात मागवला.

बूट आला. आत घालायला गादी शोधली, तर गादी नाही. ती काकांच्या बुटातच राहिली होती.

"मग जा की, माग," लेक म्हणाली.

"कुठल्या तोंडाने मागू? बूट दुसरीकडून घेतला, आता गादी द्या, असं?"

"त्यात काय? सगळेच करतात."

"सगळे म्हाताऱ्या माणसाला पायाशी बसवून करत नाहीत गं."

तेव्हापासून बाई मागच्या गल्लीने जाऊ लागल्या. एकदा लांबून काका दिसले, तर तेच झटकन आत वळले. 'कळलं यांना,' बाईंनी मनात म्हटलं. टाच मात्र कुणाची भीड धरत नव्हती. एका सकाळी सुई देताना त्यांनी खाटेचा कठडा धरला, तशी खाटेवरची आजी म्हणाली, "बाई, तुम्हीच झोपा इथं. सुई मी देते."

त्या दिवशी काम संपल्यावर बाई तडक दुकानात शिरल्या. काका उठून उभे राहिले. चेहरा उतरलेला.

"सिस्टर, चुकलं माझं," तेच आधी बोलले. "तुमची गादी बुटात राहिली आणि मी आत न बघता तो जोड विकून टाकला. गिऱ्हाईक परगावचं. तुम्ही मागच्या गल्लीने जायला लागलात, म्हटलं, रागावल्या. समोर यायचं धाडस होईना."

बाई स्टुलावर बसल्या. आता गप्प राहिलं तर सुटका होती. सगळा दोष त्या भल्या माणसाने आपण होऊन अंगावर घेतला होता. पण जन्मभर गिऱ्हाइकाचे पाय आधी बघणारा हा माणूस आज शरमेने त्यांच्या पायांकडे बघायलाही धजत नव्हता. ते काही बाईंना सोसेना. त्यांनी पाय पुढे केला.

"काका, खाली बघा."

काकांनी बघितलं. तोच बूट.

"चालून बघितला तुमच्याकडे, मागवला फोनवरून. म्हणून ती गल्ली. राग कसला, तोंड लपवत होते मी."

काकांनी हातातल्या फडक्याची घडी केली.

"वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?" मग त्यांनी मोठा श्वास सोडला. "पण माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं बघा. पुढच्या वेळी आधीच सांगा, नुसतं बघायचंय म्हणून. दोन जोड काढीन, दहा नाही काढणार."

"पुढच्या वेळी घ्यायलाच येईन. आज या टाचेचं काहीतरी करा."

काकांनी खणातून एक जाड गादी काढली आणि बाईंच्या टाचेवर धरून कात्रीने गोल केली. बाईंनी ती बुटात घातली, उभ्या राहिल्या, आणि कितीतरी दिवसांनी जमीन मऊ लागली.

तेवढ्यात एक गृहस्थ दारातून डोकावले. "तो काळा बूट घालून बघू का?"

काकांनी बाईंकडे पाहिलं. बाईच म्हणाल्या, "घ्यायचाय, की नुसता बघायचाय?"

"अं... आधी बघतो."

"सांगितलंत, फार बरं केलंत!" काका म्हणाले, आणि दोघं असे हसत सुटले की ते गृहस्थ बावरून आपल्याच पायांकडे बघू लागले.